तीन विमानं आणि पलीकडची ढोरं

चंद्रपूरजवळच्या त्या धावपट्टीवर वर्षभर ढोरं फिरायची आणि कधीमधी एखादं विमान उतरायचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी चामोर्शीकडचा, नव्यानेच कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेलो. रस्ते, मोऱ्या आणि विश्रामगृहाची गळकी कौलं यांच्या जोडीला ही धावपट्टीही माझ्याच गळ्यात पडली होती. तिथे मनोरा नव्हता की विमानाशी बोलायचं यंत्र नव्हतं. डांबराचा एक लांब पट्टा, विमानं उभी करायला सिमेंटची फरशी, वारा कुठला ते दाखवणारी कापडी नळी आणि एक म्हातारा चौकीदार, एवढाच कारभार.

मला वेळेचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकतो. रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांना मी घड्याळ लावायचो आणि कुणी 'येतो दहा-साडेदहाला' म्हणालं की माझं डोकं फिरायचं. दहा का साडेदहा? बायको आजही म्हणते की मी लग्नातसुद्धा अंतरपाटामागून मनगटाकडे बघत होतो. खोटं नाही ते.

म्हणून कोरपन्याच्या बाजूला एका सिमेंट कारखान्याचं उद्घाटन ठरलं आणि एकाच दिवशी तीन विमानं येणार असं पत्र आलं, तेव्हा इतरांना धडकी भरली आणि मला आतून जरा आनंदच झाला. पहिलं नागपूरहून अधिकाऱ्यांचं. दुसरं हैदराबादहून, कारखान्याच्या पाहुण्यांचं. तिसरं मुंबईहून नागपूरमार्गे मंत्र्यांचं. फरशीवर जागा दोनच विमानांची. म्हणजे पहिल्याने माणसं उतरवून परत नागपूरला जायचं, तेव्हा कुठे तिसऱ्याला जागा होणार. मी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. साडेदहाला पहिलं, सव्वाअकराला दुसरं, पावणेबाराला पहिल्याची रवानगी, सव्वाबाराला मंत्री. मोठ्या साहेबांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "वा, तुम्ही तर अगदी मुंबईचा विमानतळ केलात याचा." मी लाजलो. पण तो तक्ता मी दोन रात्री उशाशी घेऊन झोपलो होतो.

तक्त्यात एक चौथी ओळही होती. ती मी साहेबांना दाखवली नव्हती, कारण ती ढोरांची होती.

धावपट्टीच्या पूर्वेला जंगल, पश्चिमेला गाव आणि गावाची बोडी, म्हणजे लहानसं तळं. गावाचा गायकी सकाळी सगळ्या गावाची गाईगुरं हाकत पट्टी ओलांडून जंगलात चारायला न्यायचा आणि दुपारी पाण्यावर परत आणायचा. एप्रिलमध्ये जंगलाच्या बाजूला थेंबभर पाणी उरायचं नाही. वळसा घालून यावं तर एका टोकाला खोल नाला आणि दुसऱ्या टोकाला खाणीच्या मातीचे डोंगर. तेव्हा पाणी पाहिजे तर धावपट्टी ओलांडूनच. गायक्याकडे घड्याळ नव्हतं. जवळच्या कोळशाच्या खाणीचा भोंगा जेवणाच्या सुट्टीला बाराला वाजायचा आणि सुट्टी संपली की एकला. बाराचा भोंगा झाला की तो ढोरं उठवायचा.

आदल्या दिवशी मी त्याला गाठलं. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, डोक्याला मळकं फडकं. त्याची स्वतःची एकच गाय होती त्या कळपात, पांढरी, पहिल्यांदाच गाभण राहिलेली. तिच्या मानेवरची गोचीड काढत काढत तो माझं ऐकत होता.

"भाऊ, उद्या बाराच्या भोंग्याले ढोरं उठवू नका," मी म्हणालो. "तिसरं जहाज तवाच येते. एकाचा भोंगा वाजला का मंग आणा. तवरोक एकबी ढोर त्या जंगलाकडल्या मोहाच्या झाडाच्या अलीकडे दिसलं नाई पायजे."

"एकाच्या भोंग्याले," तो म्हणाला. "बरं."

"भोंगा वाजल्याबिगर हलायचं नाई."

"नाई हलत."

माझं समाधान झालं. एक तास उशिराने गाई काही मरत नाहीत, असा माझा हिशेब. एका गोष्टीचा मात्र मला विसर पडला. उद्घाटनाच्या तयारीच्या त्या तीन आठवड्यांत आमची एकही सुट्टी झाली नव्हती. रोज डांबर, रोज चुना, रोज साहेबांची फेरी. वार कुठला हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. उद्घाटन रविवारी होतं, आणि रविवारी त्या खाणीचा भोंगा वाजत नसे.

उद्घाटनाच्या दिवशी मी सकाळी सहालाच पट्टीवर हजर झालो. चौकीदाराच्या खोलीत त्या दिवसापुरता फोन जोडून दिला होता. नागपूरहून विमान निघालं की तिथला माणूस ट्रंक कॉल लावून 'निघालं' म्हणणार, आणि मग आमच्या हाती अर्धा तास. हैदराबादची खबर तारेने येणार होती. ती आलीच नाही. आलं ते थेट विमान, दहा वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे तब्बल पंचावन्न मिनिटं आधी, आणि पहिलं अजून नागपूरलाच होतं. लोक उशिराला नावं ठेवतात. मला विचाराल तर उशिरा येणाऱ्याची वाट तरी बघता येते, आधी येणारा माणूस सगळ्यांना तोंडघशी पाडतो. पाहुण्यांसाठीचे हार अजून पाण्याच्या बादलीत होते.

नागपूरचं विमान अकरा वाजून दहा मिनिटांनी उतरलं. आता फरशी भरली. पावणेबाराला त्याने जायला हवं, तर वैमानिक कुठे दिसेना. पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवात जाऊन पाहिलं तर तो आरामात पोहे खात बसलेला. "अभी निकलते हैं," म्हणाला आणि दुसरी बशी मागवली. मी त्याच्यासमोर घड्याळ पुढे करून उभा राहिलो. तो माझ्याकडे बघून हसला. त्या बशीसकट त्याला उचलून विमानात टाकावंसं वाटलं मला. अखेर बारा वाजून पाच मिनिटांनी तो उडाला आणि फरशीवर मंत्र्यांपुरती जागा झाली. घाम पुसत मी खोलीत आलो, तोच फोन वाजला. नागपूरचा माणूस सांगत होता की मंत्र्यांचं विमान मुंबईहून अजून नागपूरलाच पोचलेलं नाही. "किती वेळ?" मी ओरडून विचारलं. तो काहीतरी म्हणाला, मग खरखर झाली आणि फोन मेला. मी खूप वेळ रिसीव्हर आपटत राहिलो. लाइनमनला सायकलवर धाडलं. पोलिसांची वायरलेसची गाडी होती, पण ती बंदोबस्ताबरोबर कारखान्याच्या रस्त्याला गेली होती.

साडेबारानंतर मी पुरता आंधळा झालो. विमान आता निघालं असेल तर अर्ध्या तासात इथे. दहा मिनिटांपूर्वी निघालं असेल तर वीस मिनिटांत. नसेलच निघालं तर आणखी तासभर येणारही नाही. पट्टी माझ्यासमोर रिकामी पडली होती, उन्हात डांबर पाण्यासारखं हलत होतं, आणि ती रिकामी आहे याचा मला काडीचा उपयोग नव्हता.

सव्वा वाजता माझ्या लक्षात आलं की ढोरं आली नाहीत. पहिल्यांदा बरं वाटलं, कारण विमान आलं नव्हतं आणि पट्टी मोकळी हवी होती. मग चौकीदाराला विचारलं, "भोंगा झाला का एकाचा?"

तो उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होता. "आज आइतवार होय ना, साहेब. आइतवारी कुठी वाजते भोंगा?"

"मग रविवारी तो गायकी काय पाहून येते?"

"सावली पाहून येते. काठी रोवते अन् पाहते."

"मग आज काऊन नाई आला?"

मी चौकीदाराला मडकंभर पाणी आणि 'मी सांगेन तेव्हाच हला' असा हुकूम देऊन पलीकडे पाठवलं. माणसाला पट्टी ओलांडायला तीन-चार मिनिटं लागतात. तो झाडीत गेला आणि बऱ्याच वेळाने परतला. मडकं रिकामं होतं.

"त्याले माहीत हाय आइतवार हाय म्हणून," तो म्हणाला. "पण तो म्हणते, साहेबानं भोंगा म्हणलं म्हणजे आज वाजवतीन. मंत्री येऊन राह्यला, रोड बनवला, झाडाले चुना लावला, चार दिवसापासून बिजलीची लाइनबी गेली नाई, तं भोंगा काऊन नाई वाजवणार?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याचं म्हणणं बिनचूक होतं. मंत्री यायचे म्हटलं की आम्ही आमच्या जिल्ह्यात काय काय करत नव्हतो? पिंपळाच्या बुंध्याला चुना लावणारी माणसं भोंगा वाजवणार नाहीत, असं त्याने का समजावं?

"ढोरं कशी आहेत?"

"जीभ काढून बसली हायेत. एका मोहाची सावली कितीकाले पुरते, साग सारा झडला. मडक्यातलं पाणी त्यानं आपण घोटभर घेतलं अन् बाकीचं त्या पांढऱ्या गाईले पाजलं."

आता ठरवायचं होतं, आणि ठरवणारा मी एकटा होतो. कळप मोठा, आणि सकाळी तो पट्टी ओलांडताना मी कैकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. रमतगमत बारा-तेरा मिनिटं लागायची. त्या बारा मिनिटांत विमान आलं तर? वरच्याशी बोलायची सोय नाही. मृगजळात वैमानिकाला गाई दिसतील का? चाकं टेकल्यावर दिसल्या तर? माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं, पांढरं विमान आणि त्याखाली लाल काहीतरी. उलट, नाही सोडलं तर त्या उन्हात तहानेने काय होईल तेही मला कळत होतं. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. पाण्यावाचून बसलेलं जनावर मी पाहिलेलं आहे.

मोठे साहेब मांडवात पंख्याखाली होते. त्यांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. ते 'नाही' म्हणाले असते आणि मग निदान पाप त्यांच्या माथी गेलं असतं. पण 'कनिष्ठ अभियंता ढोरांसाठी मंत्र्यांचं विमान अडवायला निघाला' असं कुणी म्हणेल, याची मला भीती होती. आमच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. माझ्या बापाचं आयुष्य तालुक्याच्या कचेरीबाहेर उकिडवं बसून 'थांब' ऐकण्यात गेलं. मी नोकरीवर निघालो तेव्हा तो म्हणाला होता, "कोणाले फुकट उन्हात बसवू नको रे." ते मला त्या दुपारी आठवलं. आठवलं आणि मी ते बाजूला सारलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

मी चौकीदाराला पुन्हा पाठवलं, निरोप दिला की भोंगा विसरा, मी पांढरं फडकं हलवलं की निघा. आणि मी ते फडकं हातात घेऊन फरशीच्या कडेला उभा राहिलो. दीड वाजला. पाच मिनिटं थांबू, म्हटलं. पावणेदोन झाले. उत्तरेकडे टक लावून डोळे दुखायला लागले. एखादी घार दिसली तरी विमान वाटायचं. आता सोडावं, असं दोन वाजता मनाशी पक्कं केलं आणि हात वर नेला. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी म्हणालं, 'आवाज येतोय का?' हात खाली आला. आवाज ट्रकचा होता. मग पुन्हा पाच मिनिटं. सव्वादोन. अडीच. प्रत्येक वेळी वाटायचं की आता इतकं थांबलोय तर विमान जवळच आलं असणार, आता सोडणं म्हणजे तर शुद्ध वेडेपणा. जितका उशीर व्हायचा तितकं सोडणं अवघड व्हायचं. पलीकडून एखादी गाय हंबरायची. मग तेही थांबलं, आणि ते थांबलं तेव्हा मला जास्त भीती वाटली.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी विमान आलं. पट्टीवरून एक चक्कर मारली, टेकलं, फरशीवर येऊन दुसऱ्या विमानाशेजारी नीट उभं राहिलं. हार, टाळ्या, गाड्यांची दारं. धूळ उडवत सगळे कोरपन्याकडे गेले. जाताना मोठ्या साहेबांनी गाडीची काच खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "छान झालं सगळं," म्हणाले.

मी फडकं हलवलं.

ढोरं रमतगमत आली नाहीत. मोहाच्या झाडामागून ती धावत सुटली, शिंगांची, शेपट्यांची एकच झुंबड, डांबरावर खुरांचा खडखडाट. पट्टी पार करून ती बोडीच्या पाण्यात छातीपर्यंत घुसली. मी सवयीने घड्याळात पाहिलं होतं. तीन मिनिटं लागली होती. गायकी मात्र त्यांच्यामागून आला नाही.

मी पलीकडे गेलो. मोहाच्या झाडाखाली पांढरी गाय आडवी पडली होती. पोट टम्म, तोंडाला फेस, डोळा उघडा. तो तिच्या डोक्याशी बसून आपल्या फडक्याने तिला वारा घालत होता. माझ्यासाठी त्याने थोडं सरकून सावलीत जागा केली.

"आलं का तुमचं जहाज?" त्याने विचारलं.

"आलं."

"बरं झालं. लय उशीर केला त्यानं."

मी चौकीदाराला हाका मारून पाणी मागवलं. आम्ही तिच्या अंगावर पाणी ओतलं, तोंड उघडून घोटभर घातलं, ते बाजूने वाहून गेलं. पोटातलं वासरू एकदा हललेलं मला स्पष्ट दिसलं. मग तेही दिसेना.

"भाऊ, माझी चूक झाली," मी म्हणालो. "मले समजतच नव्हतं जहाज कवा येते ते. फोन बंद पडला. नाई तं कवाचीच सोडली असती ढोरं. पट्टी रिकामीच होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. काहीतरी न कळल्यासारखं होतं.

"जहाज यायचं तं समजतेच ना," तो म्हणाला. "तुमाले आयकू यायच्या आंधीच ढोरं कान उभे करते. चरता चरता थांबते, सारे एकाच बाजूले पाहते. मंग मी बिडी पेटवतो. अर्धी ओढून होते तवा कुठी मले आवाज येते. शिकाऊ पोरं जहाज उडवाले येते ना इथी, तवापासून मी असाच ढोरं नेतो. कान खाली असले का हाकायचं. पळवले तं बिडी संपाच्या आत पार होते." थोडं थांबून म्हणाला, "आज दुपारभर कान खालीच होते."

त्या पट्टीच्या पलीकडे, माझ्यापासून चार मिनिटांवर, मला हवी होती ती खबर दुपारभर बसून होती. चौकीदाराला मी दोनदा पाठवलं, आणि दोन्ही वेळा हुकूम देऊन पाठवलं. विचारायला नाही.

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कुठी, साहेब? तुमी तं थांब म्हणलं."

गाय दिवे लागायच्या आत गेली. त्याने तिच्या मानेतलं दावं सोडलं, गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि पाण्यावरची ढोरं घरी न्यायला उठला. त्याने शिवी दिली असती, माझ्या साहेबांकडे गेला असता, गावभर बोंब मारली असती तर मला बरं वाटलं असतं. पट्टीच्या कडेला तो थांबला. दोन्हीकडे पाहिलं. मग मागे वळून मला विचारलं,

"उद्या कितीक येणार हायेत? सांगून ठेवा, म्हणजे मी थांबतो."